धूळ दिसते तोवर

सी ────────
टी

एकच रेघ.

राखीनं पट्टी खिडकीत धरली, तिरपी केली, पुन्हा सरळ केली. सीपुढची रेघ लाल आणि ठसठशीत होती, म्हणजे पट्टी चांगली होती. टीपुढं कोरा कागद.

दुसरं कुणी असतं तर त्यानं पट्टी फेकून बॅग भरायला घेतली असती. लग्न रविवारी होतं. पांढरकवड्याच्या पुढं हायवे सोडून आत वळलं की बंजाऱ्यांचा तांडा, आणि तांड्यात दादी वाट बघत बसलेली. पण राखीचा घसा सकाळीच धरला होता, आणि ओमला, म्हणजे तिच्या होणाऱ्या नवऱ्याला, नुकताच कोरोना निघाला होता. बस्ता बांधायला आले त्या दिवशी दोघांनी एकाच ग्लासातून उसाचा रस प्यायला होता. ओमचा निकाल कळला तेव्हा खोलीतली मैत्रीण ममता म्हणाली होती, नवरदेवानं लग्नाआधीच घरातलं काहीतरी देऊन टाकलं, आता तो काही देत नाही असं म्हणायची सोय राहिली नाही.

ममता आणि राखी यवतमाळच्या एका खासगी लॅबमध्ये कामाला होत्या आणि एकाच खोलीत राहत होत्या. कोरी पट्टी बघून ममतानं विचारलं, "निगेटिव्ह हाय ना वो राखे. मंग तोंड काहून पाडलं?"

"पट्टीले दिसाले बी काही लागते ना. आज तं सुरू झालं. अजून तेवढं जमलं नसन."

हे तिनं पुस्तकातून नाही, लॅबच्या बाकावर बसून शिकलेलं होतं. घसा धरला त्या दिवशी कोरी पट्टी घेऊन हसत गेलेली माणसं दुसऱ्या दिवशी तोंड बांधून परत आलेली तिनं पाहिली होती. मधल्या रात्रीत ती लग्नाला, बारशाला, म्हाताऱ्या मामाला भेटायला जाऊन आलेली असायची. त्यामुळं राखीनं औषधाच्या दुकानातून आणखी किट घेतल्या, बापाला पिकअप घेऊन बोलावलं आणि पोत्यासारखी मागं उघड्यावर बसून तांड्यावर गेली. घरात पाय ठेवला नाही. हंगाम संपल्यानं कापसाची खोली रिकामी होती, तिथं खाट टाकायला लावली.

दादी अंगणात नव्या काचळीला, म्हणजे चोळीला, आरसे लावत बसली होती. नात सरळ खोलीकडं वळलेली बघून तिनं सुई थांबवली.

सी ────────
टी ────────

दुसऱ्या सकाळी टीची रेघ सीच्याही आधी उमटली. थेंब चढता चढताच. गडद, जशी काही मार्करनं ओढलेली.

धरमसिंग दाराबाहेर उभा होता. राखीचा बाप. चाळीस वर्षं कापूस पिकवलेला माणूस, पण आत यायचं नाही म्हटल्यावर उंबऱ्यापासून हातभर मागं उभा. तारीख पुढं न्यायची म्हटली तर मंडप, पाहुणे, आणि नेरहून येणारी वरात, सगळंच हलवावं लागणार. राखी म्हणाली, तारीख हलवायची नाही. ओमकडून आलं ते ओमला पुन्हा लगेच लागत नाही. बाकी सगळं उघड्यावर करू. एकच गोष्ट अडते.

ती कोणती, हे धरमसिंगला सांगावं लागलं नाही.

ढावलो. नवरी निघते तेव्हा ती एकेका नातेवाइकाच्या गळ्यात पडते आणि रडत रडत गाते. कुणी लहानपणी खांद्यावर घेऊन हिंडवलं, कुणी जत्रेतून बांगड्या आणल्या, सगळं त्या गाण्यात सांगायचं असतं. तोंड ज्याच्या त्याच्या कानाशी, श्वास मानेवर. आणि राखीचा सगळ्यात लांब ढावलो दादीच्या वाट्याचा होता, कारण आई लहानपणीच गेलेल्या पोरीला दादीनं, सुखीबाईनंच, वाढवलं होतं. गेल्या वर्षी सुखीबाईला रक्ताचा आजार निघाला. नागपूरच्या औषधानं घरातला चोर हाकलला, पण पहारेकरीही हाकलला. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, हिला साधी सर्दीही झेपणार नाही.

"मंग तू चांगली झाली हे समजन कसं?" धरमसिंगनं विचारलं. "आपल्या खेमसिंगचा रिपोर्ट महिनाभर पॉझिटिव्हच येत होता. त्याले लोक घरातबी घेत नव्हते."

ती मोठी तपासणी होती, आरटीपीसीआर, राखी म्हणाली. मग तिनं बापाला त्याच्याच आजाची गोष्ट सांगितली. बैलांच्या पाठीवर मीठ लादून तांडे चालायचे ना, ती. तांडा उठून गेला तरी माळावर चुलीचे दगड राहतात. मोठी तपासणी ते दगड शोधते. दगड सापडले म्हणजे तांडा इथं होता एवढं कळतं. आज तो इथं आहे का पुढच्या मुक्कामी, ते दगड सांगत नाहीत. ही पट्टी दगड बघत नाही, धूळ बघते. शंभर बैल वाटेला लागले की कोसावरून धूळ दिसते. चार बैलांची दिसत नाही, म्हणून काल कोरी आली.

"आन धूळ दिसली म्हंजे?"

"धूळ दिसते तोवर बैल वाटेवर हायेत असंच धराचं. बसली का एक दिवस सोडून पुन्हा पाहाचं. दोनदा दिसली नाही तं मंग गेले म्हणाचं."

धरमसिंग म्हणाला, हे तुझ्या दादीला मीच सांगतो. तुझ्यापेक्षा बैल मी जास्त पाहिलेत.

सी ────────
टी ─ ─ ─ ─ ─

पुढं रोज सकाळी एक पट्टी. रेघ रोज थोडी उतरायची. मार्करची झाली पेनाची, पेनाची झाली पेन्सिलीची. ताप गेला, घसा सुटला. राखीला आपली तब्येत उत्तम वाटत होती आणि आपल्या वाटण्यावर तिचा मुळीच विश्वास नव्हता.

किट ती पाण्याच्या माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. मे महिना होता. पत्र्याखाली ठेवलेलं तेलसुद्धा कढायला लागेल असं ऊन.

दाराबाहेर माणसं येऊन बसायची. सगळ्यात जास्त बोलायची बसंतीबाई फुफी, धरमसिंगची बहीण. तिचं म्हणणं असं की तिच्या लग्नात देवी आलेल्या दोन पोरी होत्या आणि तरी सगळे सगळ्यांच्या गळ्यात पडले. त्यातले किती वाचले ते विचारल्यावर फुफीनं विषय मंडपाच्या कापडावर नेला. पण खरी बोच वेगळी होती आणि ती तिनं शेवटी बोलून दाखवलीच. तांडा म्हणेल, धरमसिंगची पोरगी यवतमाळला राहून सुधारली, तिला आता आपल्या माणसांच्या गळ्यात पडायची लाज वाटते.

"म्हणू दे," राखी म्हणाली. "चार दिवस म्हणतीन. दादी गेली तं जलमभर म्हणतीन."

फुफीनं पदर तोंडाला लावला. त्यानंतर तिनं मंडपाचंच बोलणं चालू ठेवलं.

सुखीबाई यातलं सगळं ऐकत होती. अंगणापलीकडं कडुनिंबाखाली तिची खाट होती, राखीनंच टाकायला लावलेली. रोज सकाळी ती तिथून ओरडून एकच विचारायची, धूळ हाय का? राखी आतून ओरडायची, हाय. मग म्हातारी आरसे लावायला लागायची. ते तिचं समजून घेणं होतं का रुसणं, हे राखीला ओळखता येत नव्हतं.

सी ────────
टी

ही पट्टी सुखीबाईची.

शनिवारी संध्याकाळी मिरच्यांची फोडणी बसली आणि अख्खं अंगण खोकलं. सुखीबाई जरा जास्त खोकली. धरमसिंगला धीर निघेना. राखीनं सांगून पाहिलं की हा ठसका आहे, पण बापाचा चेहरा बघून तिनं एक किट दाराबाहेर ठेवली आणि कसं करायचं ते आतून सांगितलं. कोरी आली. धरमसिंगनं हात जोडले.

आणि मग त्यानं त्या घरात जे नेहमी करतात ते केलं. घरात चांगला निकाल आला की तो सेवालाल महाराजांच्या फोटोपुढं, दिव्याखाली ठेवायचा, ही त्या घरची रीत. राखीचा बारावीचा निकाल तिथं होता, पिकअपची पहिली चावी तिथं होती, नागपूरहून आलेला दादीचा चांगला रिपोर्ट तिथं होता. धरमसिंगनं पट्टी पुसून त्या ओळीत ठेवली. पुढं समई.

रविवारी वरात आली, लग्न लागलं. उघड्या माळावर, मंडपाच्या बाजू उघड्या सोडलेल्या, नवरीच्या तोंडाला मास्क. ओमची पट्टी कोरी झाली होती, तरी त्यानंही लावला, एकटीला कशाला, म्हणून. फोटोवाल्यानं चारदा काढायला सांगितला. चौथ्या वेळी ओमनं त्याला एक दिला आणि म्हणाला, तूबी लाव, भाऊ, जोडी जमते.

दुपार कलली. निघायची वेळ झाली. धरमसिंग देवाला हात जोडायला आत गेला आणि पट्टीकडं त्याचं लक्ष गेलं.

सी ────────
टी · · · · ·

करडी, धुरकट, पण रेघ.

तो बाहेर आला तो पळतच. त्यानं एवढंच सांगितलं की आईलाही झालाय. पुढचं सगळं फुफीनं सांगितलं, आणि मोठ्यानं: म्हातारीला कालपासूनच आहे, मग आता राखायचं काय उरलं, होऊ दे ढावलो, पोरीला मोकळं होऊ दे. बायका उठल्या. आणि कडुनिंबाखालून सुखीबाई उठली. आजारानं चिमणीएवढी झालेली ती म्हातारी फेटियाचा घेरदार घागरा सावरत, दोन्ही हात पसरून अंगण ओलांडायला लागली, आणि तिच्या तोंडावर इतका आनंद होता की राखीला क्षणभर वाटलं, आजार झाल्याचा असा आनंद कुणाला होत असेल का?

राखी मागं सरली. एक पाऊल, मग आणखी. सगळ्या तांड्यासमोर, सगळ्या वरातीसमोर नात दादीपासून मागं सरत गेली.

"तिथंच थांब, दादी."

सुखीबाई थांबली. हात तसेच पसरलेले.

राखीनं बापाला पट्टी आणायला सांगितली आणि लांबूनच बघितली. मग आवाज न चढवता सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ही पट्टी काल संध्याकाळी बोलायची ते बोलून झाली. पंधरा मिनिटांनी बघायची असते, दुसऱ्या दिवशी नाही. रात्रभर समईच्या धगीत वाळली की अशी करडी रेघ उमटते. देवापुढं निकाल ठेवतात, बा, पट्टी ठेवत नाहीत.

धरमसिंगनं पट्टीकडं बघितलं, समईकडं बघितलं, आणि जावई समोर आहे हे आठवून खाली बघितलं.

सी
टी

माठाशेजारी एकच किट उरली होती. ममता येताना डबाभर किट घेऊन आली होती खरी, पण वाटेत गाडी पंक्चर झाली आणि डबा काचेमागं उन्हात भाजत राहिला. तिनं तरी त्यातली एक काढली. राखीनं मान हलवली. उन्हात भाजलेली पट्टी कोरी आली तर ती माणसाची कोरी का उन्हाची, हे कोण सांगणार?

ममता म्हणाली, मंग ही उरलेली दादीची करू. तिले असन तं आजच नागपूरले न्याव लागते.

राखीनं थोडा विचार केला, फार नाही. दादीला ताप नव्हता, धाप नव्हती. तिची पट्टी उद्या पांढरकवड्याहून ताजी किट आणून करता येईल, आणि ती ममता करेलच. आज प्रश्न दादी आजारी आहे का हा नव्हता. तिची कोरी आली तरी राखी तिच्या गळ्यात पडू शकत नव्हती. उलट तेव्हा तर मुळीच नाही.

"दादीले काय हाय ते नाही पाहाचं," ती म्हणाली. "मी काय देऊन राह्यली ते पाहाचं. माहीच कर."

आणि मग पंधरा मिनिटं, ज्यात कापसाच्या खोलीच्या उंबऱ्यावर पट्टी ठेवलेली, तिच्यावर ममताचा पदर सावलीला, आणि दोन्हीकडची माणसं लग्नाच्या कपड्यांत एका बोटभर प्लास्टिकभोवती लांबून गोल करून, कुणी म्हणतं चहा ठेवू का, कुणी म्हणतं डीजे बंद कर आणि डीजेवाला म्हणतो बंदच आहे, ओम वरातीतल्या म्हाताऱ्यांना समजावतो की उशीर माझ्यामुळंच आहे, आजार माझाच आहे, मी हुंड्यात घेतलं काही नाही पण दिलं मात्र, आणि त्यावर एकटी फुफी हसते आणि हसल्याबद्दल रडते, ओलावा पट्टीवर गुलाबी होत चढतो, सी येते, तिच्याकडं कुणी बघत नाही, बैलाच्या गळ्यातल्या घंटा वाजतात, कारण बाहेर खिलारी बैल सजवून तयार आहे आणि त्याला उभं राहायचा कंटाळा आलाय, आणि राखी पट्टीकडं बघतच नाही, ती दादीकडं बघते आहे, जी अजून अंगणाच्या मध्यातच उभी आहे आणि जिनं हात खाली केलेले नाहीत.

सी ────────
टी ˙ ˙ ˙ ˙

फुफी म्हणाली, नाही काही. धरमसिंगनं डोळे बारीक केले आणि तोही म्हणाला, मले तं दिसत नाही. वरातीतल्या एकानं मोबाइलचा टॉर्च लावला आणि म्हणाला, कोरी, घ्या उरकून. ममतानं पट्टी राखीकडं सरकवली.

सगळ्यांना कोरी हवी होती. राखीलाही. तिनं पट्टी उचलली, सावलीत धरली, मग उजेडात. केसाएवढी, गुलाबी, जागच्या जागी. आणि वेळेत.

"छोरी," सुखीबाईनं अंगणातून विचारलं, "धूळ हाय का?"

"थोडी हाय, दादी."

"थोडी म्हंजे कमी बैल."

"कमीच. पण वाटेवर हायेत. अन तुह्यासाठी एक बी लई होते."

सुखीबाईनं हात खाली केले. मग ती जे बोलली ते राखीनं नंतर ओमला कितीदा तरी सांगितलं. म्हातारी म्हणाली, "बैल वाटेवर असले का माणसानं वाटेतून हटाव. आमच्या बापानं हेच शिकवलं." आणि मुलाकडं वळली. "धरम्या, वारा पाह्य."

धरमसिंगनं खाली वाकून मूठभर माती घेतली. तूर उफणताना घेतात तशी. हात उंच केला आणि माती सुटू दिली. ती कडुनिंबाकडून मंडपाकडं वाहत गेली.

"खाट तिथंच बरी हाय," तो म्हणाला. "वारा मायकडून पोरीकडं हाय. बैल मंडपाच्या पलीकडं घ्या. बाकीचे सगळे इकडं निंबाच्या अंगाले या." त्या दुपारी पहिल्यांदाच त्याचा आवाज पूर्वीसारखा झाला.

नवरीनं बैलाच्या पाठीवर उभं राहून गायचं ही रीत तांड्यात आहेच. ढावलो गळ्यात पडून, आणि शेवटी बैलावरून हवेली, घरादाराचा निरोप. हल्ली पोरी फोटोपुरत्या चढतात, दोन ओळी म्हणतात आणि उतरतात. राखी चढली ती उतरायच्या बेतानं चढली नाही. ओमनं एका बाजूनं वेसण धरली, दुसऱ्या बाजूनं ममतानं तिचा हात. दोघांच्या तोंडाला मास्क, राखीचा आता खाली.

हवेली झाली. मग तिनं बैलावरूनच ढावलो धरला.

तो असा कधी कुणी गायला नव्हता. कानात सांगायच्या गोष्टी माळावरून ओरडून सांगायच्या होत्या. तापात दादीनं पाठीवर घेऊन पांढरकवड्यापर्यंत चालत नेलं होतं ते. पहिल्या पाळीला आईच्या जागी दादीनं काय सांगितलं ते. लॅबच्या नोकरीला बाप नाही म्हणाला तेव्हा दादी दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती ते. एरवी हे दोघींतच राहिलं असतं. आता अख्ख्या तांड्यानं ऐकलं, नेरच्या वरातीनं ऐकलं, बापानंही ऐकलं. बैल कान हलवत उभा राहिला. आणि कडुनिंबाखालून, खाटेवर परतलेल्या म्हातारीनं उत्तर दिलं. मरतुकड्या छातीतून एवढा आवाज कुठून आला कोण जाणे, पण वारा तिच्या बाजूचा होता. तिचा एकेक शब्द राखीपर्यंत पोचत होता.

सी ────────
टी

सी ────────
टी

दोन पट्ट्या, मध्ये एक दिवस सोडून, दोन्ही कोऱ्या. दोन्ही वेळेत बघितलेल्या. सुखीबाईच्या तर केव्हाच झाल्या होत्या, ममतानं ताज्या किट आणून केलेल्या, त्याही कोऱ्या.

राखी माहेरी आली ती ओमच्या गाडीवरून उतरताक्षणी पळाली. सुखीबाई उभी राहिली. या वेळी हात राखीनं आधी पसरले. म्हातारी त्यात मावून वर जागा उरली. औषधांचा, तेलाचा, आरसे शिवायच्या दोऱ्याच्या मेणाचा वास आला. फुफी आणि शेजारच्या चार बायका डोळ्याला पदर लावून तयार बसल्या.

राखीला रडूच येईना. गळ्यातून सूर निघेना. तिला नुसतं हसू येत होतं, आवरेना इतकं, आणि ते दादीच्या मानेत जात होतं.

"बैलावर तं नेरपावतर ऐकू आलती," सुखीबाई म्हणाली. "आता कानापाशी आली तं गळा कायले बसला?"

आणि मग तिनंच सूर धरला. नातीचा ढावलो आजी गायला लागली, रीत उलटी झाली, बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. तिसऱ्या ओळीला म्हातारीचा आवाज फुटला. तेव्हा कुठं राखीचं हसू मोडलं.

बराच वेळ गेला. धरमसिंग शेजारी अवघडून उभा होता. खाटेवर राखीनं आणलेल्या त्या दोन कोऱ्या पट्ट्या पडल्या होत्या. त्यानं त्या उचलल्या, धोतरानं पुसल्या आणि घराकडं वळला.

राखीनं दादीच्या खांद्यावरून मान वर केली नाही.

"बा," ती म्हणाली. "देवापाशी नाही. कचऱ्यात."